बडबडगीते आणि बाळाचे कान

औषधांच्या चिठ्ठीवर मी कधीकधी शेवटी एक ओळ लिहितो, ‘बाळाशी रोज बडबडगीते म्हणावीत.’ एकदा एक तरुण बाप ती चिठ्ठी घेऊन परत आला. मेडिकलवाल्याने पहिली दोन औषधे दिली होती आणि तिसरे ‘सध्या स्टॉकमध्ये नाही, दोन दिवसांनी येईल’ असे सांगितले होते. माझे अक्षर त्याला जबाबदार होते, हे मला मान्य आहे.

एरवी या सदरात जुलाब, कावीळ, रक्तदाब असे विषय असतात. आज गाण्यांवर लिहितो आहे, कारण गेल्या काही वर्षांत ‘मूल अजून बोलत नाही’ ही तक्रार घेऊन येणारे पालक माझ्याकडे पूर्वीपेक्षा बरेच वाढले आहेत. त्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, ‘घरात बाळाला गाणी कोण म्हणून दाखवतं?’ पूर्वी उत्तर यायचे, ‘आजी म्हणते’, ‘हिची आत्या म्हणते’. आता पुष्कळदा उत्तर येते, ‘मोबाईलवर लावून देतो की, रोज.’ या दोन उत्तरांत किती अंतर आहे, ते मला सांगायचे आहे. आणि माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे. तीच आधी सांगतो.

आमच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका वाडीतील कुटुंब माझ्याकडे वर्षानुवर्षे येते. त्यांच्या नातवाला आपण ओंकार म्हणू. तो चौदा महिन्यांचा असताना सर्दी-खोकल्यासाठी आजीने त्याला आणले. तपासून झाल्यावर आजी म्हणाली, ‘डॉक्टर, ह्यो अजून आई-बाबाबी म्हनत न्हाई.’ मी हसून विचारले, ‘याचा बाप कधी बोलायला लागला होता?’ आजी म्हणाली, ‘तीन वर्सं लागली त्याला.’ ‘मग झालं तर! मुलगे उशिराच बोलतात. बोलेल हळूहळू.’ तरी खात्री करावी म्हणून मी ओंकारच्या मागे टेबलावर पेपरवेट आपटला. तो वळला. ‘ऐकू येतंय की,’ मी म्हणालो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

पाच महिन्यांनी आजी पुन्हा आली. या वेळी सर्दी नव्हती, ताप नव्हता. ‘मी एक सांगाया आलीया,’ म्हणाली. ती नातवाला मांडीवर घेऊन स्वतःच रचलेले एक गाणे म्हणायची. त्यात परसातली कोंबडी, गोठ्यातली म्हैस, विहिरीवरची कावळी अशी सगळी मंडळी यायची आणि शेवटी कोंबडी ‘भुर्र’ करून उडून जायची. त्या ‘भुर्र’वर ओंकार खदखदून हसायचा. ‘पन तोंडाम्होरं म्हनलं तरच हसतंय. पाठीमागनं म्हनलं की वळूनबी बघत न्हाई. मी आठ दिस बघितलं. चुलीपाशी बसून म्हनलं, दाराआडनं म्हनलं. न्हाईच.’

मी आजीला तिथेच ते गाणे म्हणायला सांगितले. समोरून म्हटले तेव्हा मुलगा तिच्या ओठांकडे टक लावून पाहत होता आणि ‘भुर्र’ म्हणताना तिच्या तोंडून जी हवेची फुंकर त्याच्या गालावर यायची, तिने तो हसत होता. मग आजी त्याच्या पाठीमागे तीन हातांवर उभी राहिली आणि तेच गाणे तितक्याच मोठ्याने म्हणाली. ओंकार माझ्या स्टेथॉस्कोपच्या नळीशी खेळत राहिला. पाच महिन्यांपूर्वी तो वळला होता तो आवाजाने नव्हे, तर पेपरवेट आपटल्यावर टेबलाला जो हादरा बसला त्याने. त्याची आई त्या टेबलाला टेकून बसली होती.

त्याचा जुना कागद काढून पाहिला. जन्म सातव्या महिन्याअखेर, वजन कमी, कावीळ जास्त, काचेच्या पेटीत बारा दिवस. अशा बाळाचे कान तपासलेच पाहिजेत, हे कोणत्याही डॉक्टरला माहीत असते. मलाही माहीत होते. मी विचारलेच नव्हते.

जिल्हा रुग्णालयात आणि पुढे मेडिकल कॉलेजात तपासण्या झाल्या. दोन्ही कानांत तीव्र स्वरूपाचा बहिरेपणा निघाला. ही गोष्ट डॉक्टरच्या आधी एका कधीही शाळेत न गेलेल्या बाईने ओळखली होती, आणि तिच्याकडे साधन होते ते फक्त एक बडबडगीत.

मांडीवरची शाळा

बडबडगीत म्हणजे काय, हे आपल्याला सांगावे लागत नाही. बाळाला तेल लावताना, न्हाऊ घालताना, तीट लावताना म्हणायची गाणी आपल्याकडे आहेत. तळहातावर बोट फिरवत काखेपर्यंत गुदगुल्या नेण्याचा खेळ आहे. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एकेका बोटाला नाव देण्याचा आहे, टाळ्यांचा आहे, पायांवर बसवून घोडा-घोडा करण्याचा आहे. पावसाला लालूच दाखवणारे गाणे आहे आणि चांदोबाची विचारपूस करणारेही. त्यांना अर्थ असतोच असे नाही. अर्थ नसला तरी चालतो, कारण बाळ त्यातून अर्थ शिकत नसते, भाषा कशी चालते ते शिकत असते.

आईच्या पोटात असतानाच, शेवटच्या तीन महिन्यांत, बाळाला ऐकू येऊ लागते. १९८० साली अमेरिकेतील डीकॅस्पर आणि फायफर या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की जन्मून दोन-तीन दिवसही न झालेली बाळे परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकण्यासाठी जास्त धडपडतात. धडपडतात म्हणजे काय, तर त्यांनी बाळांच्या तोंडात चोखणी दिली होती. एका लयीत चोखले की आईचा आवाज यायचा, दुसऱ्या लयीत चोखले की परका. बाळांनी आईचा आवाज येईल अशी लय पकडली. ज्याला आपण मातीचा गोळा म्हणतो, तो इतका हुशार असतो.

नवजात बाळाला आठ ते बारा इंचांवरचे सर्वांत स्पष्ट दिसते. अंगावर पाजताना किंवा मांडीवर घेतल्यावर आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. गाणे म्हणताना आपण नकळत आवाज थोडा चढवतो, शब्द लांबवतो, भुवया उंचावतो, तेच तेच पुन्हा म्हणतो. कुणी शिकवलेले नसते. जगभर जवळजवळ सगळीकडे माणसे तान्ह्या मुलांशी अशीच बोलतात. सलग वाहणाऱ्या बोलण्यातून शब्द कुठे सुटतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हे बाळाला ओळखायचे असते. लांबवलेले, ठेक्यावर म्हटलेले, यमकाला येऊन थांबणारे बोलणे त्याला ते काम सोपे करून देते.

आणि यमक आले की एक गंमत होते. दहा वेळा ऐकलेल्या ओळीच्या शेवटी कोणता आवाज येणार, हे बाळाला ठाऊक होते. म्हणणारी व्यक्ती तिथे क्षणभर थांबली, तर बाळ तिच्याकडे बघते, हातपाय हलवते, आणि पुढे कधीतरी तो शेवटचा आवाज स्वतः काढते. ‘मी बोललो की तू थांबायचे, तू थांबलास की मी बोलायचे’ हा संभाषणाचा पहिला नियम मूल इथे शिकते. त्या थांबण्यात गाण्याचे अर्धे मोल आहे, असे माझे मत आहे.

दोन वर्षांच्या वयापर्यंत मुलाच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. कानांवर जे पडते त्याप्रमाणे त्या काळात मेंदूतली जोडणी होत असते. म्हणूनच ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याचा एकेक महिना महाग असतो. ओंकारचे पाच महिने मी घालवले, असे मी म्हणतो ते यासाठी.

पुढे वाचायला शिकतानाही याचा उपयोग होतो. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या ब्रायंट, ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ मुलांना सव्वातीन वर्षांच्या वयापासून सहा वर्षांपर्यंत तपासले आणि १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सव्वातीन वर्षांच्या वयात ज्यांना बालगीते जास्त येत होती, ती मुले पुढे वाचनात आणि स्पेलिंगमध्ये पुढे राहिली. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यंक यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा फरक उरला. आता इंग्रजी लिपी निराळी आणि आपली देवनागरी निराळी, त्यामुळे तो अभ्यास आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण शब्दाचे आवाज कानाने सुटे करता येणे ही मुळातली गोष्ट तीच. ‘चिऊ’ आणि ‘पिऊ’ यांत काय सारखे आणि काय वेगळे, हे ज्याच्या कानाला कळले, त्याला बाराखडी जड जात नाही.

आपल्याकडे हे अनुभवाने ओळखणारी माणसे होऊन गेली. बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन जी बालवाडी भरवली, तिच्यात महागडी खेळणी नव्हती. होती ती पाने, बिया, शिंपले, गाणी आणि गोष्टी. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द गावोगाव पोचला. आजही चांगली अंगणवाडीताई कोण, हे ओळखायचे असेल तर तिला गाणी किती येतात, ते मी पाहतो.

मोबाईल गातो, पण थांबत नाही

मागच्या उन्हाळ्यात दोन वर्षे चार महिन्यांची एक मुलगी आली. आईवडील दोघेही नोकरी करणारे, शिकलेले. मुलीला इंग्रजी सगळे रंग म्हणता येत होते, एक ते वीस आकडे येत होते, एक अख्खे इंग्रजी गाणे ती परदेशी उच्चारांत म्हणून दाखवत होती. वडील कौतुकाने सांगत होते. आई मात्र गप्प होती. थोड्या वेळाने म्हणाली, ‘डॉक्टर, पण तिला तहान लागली तर ती पाणी मागत नाही. माझा हात धरून माठापाशी नेते.’

ती मुलगी दिवसातले चार-पाच तास मोबाईलसमोर असे. जेवताना मोबाईल, रडली की मोबाईल, झोपताना मोबाईल. तिला गाणी येत होती, पण ती कुणाला म्हणायची असतात हे तिला माहीत नव्हते.

अमेरिकेतील पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा बोलणाऱ्या बायकांसमोर काही बैठकांसाठी बसवले. बायकांनी त्यांच्याशी खेळत, पुस्तके दाखवत चिनीतून गप्पा मारल्या. त्या बाळांना चिनी भाषेतले बारीक उच्चारभेद ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना त्याच बायकांचे तेच बोलणे टीव्हीवर दाखवले, आणखी काहींना नुसते ध्वनिमुद्रण ऐकवले. ही बाळे काहीच शिकली नाहीत. आवाज तोच, शब्द तेच होते. पण पडद्यावरची बाई बाळाने पाहिले म्हणून थांबत नव्हती, ते हसले म्हणून हसत नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले आहे की एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये, दोन वर्षे होईपर्यंतही तो टाळावा, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी असेल तितका चांगला. मी पेशंटना सांगतो तेव्हा हमखास उत्तर येते, ‘मग स्वयंपाक कसा करायचा?’ प्रश्न खरा आहे. घरात दोनच माणसे, आजी-आजोबा गावाकडे, आईला कामावर जायची घाई. त्या आईला उपदेश करून मी मोकळा होणे बरोबर नाही. म्हणून मी फार मागत नाही. अंघोळीची दहा मिनिटे, जेवणाची दहा मिनिटे आणि झोपवतानाची दहा मिनिटे. ही अर्धी तास तशीही मुलाला द्यावीच लागते. तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि तोंड उघडावे. आणि ही दहा मिनिटे फक्त आईचीच, असे कुठे लिहिलेले नाही. वडिलांनी मोटारसायकलच्या आवाजाचे गाणे केले तरी चालते.

त्या मुलीचे कान तपासले, ठीक निघाले. विकासाची तपासणी करून घेतली, कारण नावाने हाक मारल्यावर न बघणे, बोट दाखवून काही न दाखवणे ही लक्षणे असतील तर स्वमग्नतेची शंका असते आणि ती मोबाईल बंद करून जात नाही. सुदैवाने तसे नव्हते. मोबाईल बंद केल्यावर पहिला आठवडा घराने फार सोसला, असे तिची आई सांगते. दिवाळीच्या सुमारास मुलगी आली तेव्हा माझ्या कंपाउंडरकडे बोट दाखवून ‘काका, गोळी’ म्हणाली. आमच्याकडे लहान मुलांना देण्यासाठी बरणीत लिमलेटच्या गोळ्या असायच्या. दातांच्या डॉक्टरांनी टोकल्यापासून आम्ही त्या बंद केल्या आहेत, पण तिच्यासाठी कंपाउंडरने खिशातून एक काढली.

कोणत्या भाषेत म्हणावे?

आमचा भाग कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. सून कानडी मुलखातली, सासर मराठी, अशी घरे पुष्कळ. अशाच एका घरातील सुनेने मला हळू आवाजात विचारले, ‘मी बाळाला कानडीत गाणी म्हटली तर चालेल का? घरात म्हणतात, बाळ गोंधळेल.’ मी तिला सांगितले, अवश्य म्हण. दोन भाषा ऐकल्याने मूल बोलायला उशीर करत नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजले तर ते मागे नसते. जी भाषा आईच्या तोंडात सहज येते, जिच्यात ती रागावते आणि लाड करते, तिच्यातच गाणे चांगले होते.

याच कारणाने ‘कम, सीट, ईट’ असे तीन शब्दांचे इंग्रजी बाळाशी बोलणाऱ्या आयांना मी थांबवतो. नर्सरीत प्रवेशासाठी मुलाखत आहे म्हणून दीड वर्षाच्या मुलाला इंग्रजी कविता पाठ करायला लावणारे पालक आमच्या तालुक्याच्या गावातही आहेत. इंग्रजी गाणी शाळेत शिकू द्यात की, त्यांचे माझे काही वैर नाही. पण आपल्या बोलीची लाज वाटून गप्प बसणारी आई मुलाला जेवढे कमी देते, तेवढे कोणतीही शाळा भरून देत नाही.

‘माझा आवाज चांगला नाही’ ही अडचण पुष्कळजण सांगतात. बाळाला सुरांची परीक्षा घ्यायची नसते. त्याला ठेका हवा आणि तुमचे तोंड दिसायला हवे. गाणे येत नसेल तर रचावे. बाळाचे नाव, घरातले मांजर, शेजारच्या काकूंची शिट्टी वाजणारी कुकर, काहीही चालते. एक सूचना मात्र आहे. बागुलबुवा येईल, पोलीस नेईल, डॉक्टर सुई टोचेल अशी भीती घालणारी गाणी नकोत. डॉक्टरच्या सुईचे गाणे ज्या घरात म्हणतात, तिथले मूल माझ्या दाराशी आल्यापासून रडते आणि मला त्याची छाती तपासता येत नाही. जुन्या काही गाण्यांत कुणाच्या जातीची, रंगाची, व्यंगाची थट्टा असते. तीही आपल्याबरोबर संपू द्यावीत.

डॉक्टर म्हणून आणखी थोडे सांगतो. तेल लावताना गाणे म्हणा, पण कानात आणि नाकात तेल घालू नका. पायांवर झुलवताना चार महिन्यांपर्यंत बाळाच्या मानेला हाताचा आधार हवाच. हवेत उंच उडवून झेलणे किंवा जोराने गदागदा हलवणे मेंदूला धोक्याचे आहे. चिऊ-काऊचा घास भरवताना गाणे म्हणा, मात्र तोंडात घास असताना गुदगुल्या करून हसवू नका. शेंगदाणा, फुटाणा श्वासनलिकेत गेलेली मुले मी पाहिली आहेत. सगळी वाचली नाहीत.

शंका आली तर

जगभरात साधारणपणे दर हजार नवजात बाळांमागे एक ते तीन बाळांना जन्मतः कायमचा श्रवणदोष असतो. ही बाळेही पहिले काही महिने हुंकार देतात, हसतात, आवाज काढतात. म्हणून घरच्यांना शंका येत नाही. भांडे पडल्यावर दचकणे हा पुरावा धरू नये, कारण मोठा आवाज थोडा ऐकू येणाऱ्या बाळालाही कळतो आणि जमिनीचा हादरा तर सर्वांनाच कळतो. आजीने केले तसे करावे. बाळ शांत, पोट भरलेले असताना, त्याला दिसणार नाही, सावली पडणार नाही, फुंकर लागणार नाही अशा बेताने मागून त्याचे ओळखीचे गाणे नेहमीच्या आवाजात म्हणावे. सहा-सात महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेला मान वळवते. चार दिवस करूनही वळले नाही तर थांबू नये. वळले तरी शंका उरली असेल तर कान तपासून घ्यावेत, कारण घरची परीक्षा ही तपासणी नव्हे.

खरी तपासणी सोपी आहे. ओएई नावाची चाचणी बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत होते, टोचावे लागत नाही. तिच्यात शंका आली तर बेरा ही पुढची चाचणी करतात. आणि ज्या बाळाला जन्मानंतर अतिदक्षता विभागात ठेवले होते, ज्याला कावीळ जास्त होती, त्याची ओएई ठीक आली तरी बेरा करून घ्यावी, कारण कधीकधी दोष कानात नसून नसेत असतो. बाळ एक महिन्याचे होण्याआधी पहिली चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, असा आता सर्वमान्य नियम आहे. कमी दिवसांचे बाळ, गर्भारपणात आईला झालेला रुबेला, मेंदूज्वर, घराण्यात कुणाला लहानपणापासून ऐकू न येणे, मामा-भाचीसारखे नात्यातले लग्न, यांपैकी काही असेल तर वाट पाहूच नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते. पथक गावात येईल त्या दिवशी बोलण्या-ऐकण्याबद्दलची शंका मुद्दाम बोलून दाखवावी. जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. श्रवणयंत्रासाठी आणि योग्य वयाच्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी सरकारी मदतीच्या योजना आहेत. पैशाअभावी आशा सोडण्याआधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

वर्षाचे मूल बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांत एकही शब्द नसेल, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नसेल किंवा येणारे शब्द कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर ‘घराण्यातच उशिरा बोलतात’ असे म्हणणाऱ्या कुणाचेही ऐकू नका. म्हणणारा डॉक्टर असला तरी.

ओंकारला आधी दोन्ही कानांना यंत्रे बसली आणि अडीच वर्षांचा असताना पुण्याला कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आठवड्यातून दोनदा वाचा-उपचारासाठी एसटीने येणे-जाणे, तेही जवळपास दोन वर्षे. ते आजीने केले, कारण आईला शेतावर जावे लागे. तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी विचारले, ‘घरात कोणती गाणी म्हणता?’ आणि आजीच्या कोंबडीच्या गाण्यावरच काम सुरू केले. फक्त आता आजीने त्याच्या समोर नव्हे, तर बाजूला बसून म्हणायचे होते, म्हणजे ओठ न बघता तो कानाने ऐकेल. आजीला हे पटायला वेळ लागला. ‘इतकी वर्सं त्वांड बघून हसलं, आता त्वांड लपवायचं व्हय?’ असे ती मला म्हणाली होती.

या पावसाळ्याच्या तोंडावर पाच वर्षांच्या बूस्टरसाठी दोघे आली होती. ओंकार आता बालवाडीत जातो. त्याचे बोलणे परक्या माणसाला सगळे समजत नाही, ‘स’ आणि ‘श’ त्याला अजून जमत नाहीत, आणि त्याच्या वयाच्या मुलांच्या तो मागे आहे. इंजेक्शन टोचताना आजी त्याच्या पाठीमागे उभी राहून गाणे म्हणू लागली. म्हशीपर्यंत येऊन ती थांबली. ओंकारने दंड चोळत, मान न वळवताच, पुढची कावळी सांगितली. आजी म्हणाली, ‘आधी कोंबडी रं, मग कावळी.’ त्यावर त्याने रागाने मान हलवली आणि पुन्हा कावळीच म्हटले. दोघे भांडत भांडतच दवाखान्याच्या पायऱ्या उतरले.